पहिले पिस्तूल निवडताना आणि बाळगताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्यांदाच पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर घेऊ पाहणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा "कोणते घेऊ?" हाच असतो. त्याचे उत्तर या पानावर आहे, पण ते बरेच खाली आहे आणि हा क्रम मुद्दाम ठेवलेला आहे. आठवड्यातून दोन तास नेमबाजीच्या रेंजवर घालवणारा मालक हा मेहनती मालक म्हणायचा. त्याचेही पिस्तूल आठवड्याच्या १६८ तासांपैकी १६६ तास घरात पडून असते. निवड करताना त्या दोन तासांचा विचार सगळेच करतात, उरलेल्या १६६ तासांचा फार थोडे करतात. परवाना, वय आणि बाळगण्याच्या अटी देशागणिक निराळ्या असल्यामुळे त्या आपापल्या ठिकाणी, लेखी स्वरूपात आणि खरेदीच्या आधी पाहाव्यात. ऐकीव माहितीवर विसंबू नये.

मला पिस्तुलाची खरोखर गरज आहे का, हे कसे ठरवावे?

हेतू एका वाक्यात लिहून पाहावा. नेमबाजीची आवड हा हेतू असेल, तर सुरुवात बंदुकीपासून करण्याचे कारण नाही. १० मीटर एअर पिस्तूल हा प्रकार १९८८ पासून ऑलिंपिकमध्ये आहे, ४.५ मिमीचे छरे, अगदी हलका चाप आणि नाममात्र धक्का यांमुळे नेम, श्वास आणि बोटाची शिस्त त्यात फार स्वच्छपणे शिकता येते. पुढे काडतुसाच्या पिस्तुलाकडे वळल्यावर ती शिस्त जशीच्या तशी कामी येते.

हेतू स्वसंरक्षणाचा असेल, तर आधी दाराचे कुलूप, प्रकाश, शेजाऱ्यांशी संपर्क या साध्या गोष्टी पुऱ्या झाल्या आहेत का ते पाहावे, आणि मग घराकडे पाहावे. घरात कुणाला दारूचे व्यसन असेल, भांडणे हातघाईवर येत असतील किंवा कुणी खोल निराशेतून जात असेल, तर घरात आलेले शस्त्र बाहेरच्या चोरापेक्षा घरातल्याच माणसाच्या जिवावर उठण्याचा संभव अधिक असतो. अशा वेळी पिस्तूल न घेणे हाही पूर्ण विचारांती घेतलेला निर्णय ठरतो, आणि तसा निर्णय घेणारी माणसे मला नेहमीच समंजस वाटत आली आहेत.

खरेदीच्या आधी काय शिकून घ्यावे?

चार नियम, आणि तेही पाठ म्हणून नव्हे तर हाताला लागलेली सवय म्हणून. अमेरिकी प्रशिक्षक जेफ कूपर यांच्या नावाने हे नियम ओळखले जातात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे धरून चालावे. जे उद्ध्वस्त झालेले चालणार नाही, अशा कशावरूनही नळी फिरू देऊ नये. नेम लक्ष्यावर स्थिरावेपर्यंत बोट ट्रिगरपासून, म्हणजे चापापासून, दूर, पिस्तुलाच्या चौकटीला लावून सरळ ठेवावे. आणि लक्ष्य कोणते, त्याच्या मागे काय आहे, हे निश्चित माहीत असल्याखेरीज गोळी झाडू नये.

या नियमांची खुबी अशी की ते एकमेकांना सांभाळून घेतात. बोट चुकून ट्रिगरवर गेले, तरी नळी सुरक्षित दिशेला असेल तर गोळी मातीत जाते. नळी चुकून एखाद्याकडे वळली, तरी बोट बाहेर असेल तर बार उडत नाही. माणूस जायबंदी होण्यासाठी सहसा दोन नियम एकाच क्षणी मोडावे लागतात. म्हणूनच चांगले प्रशिक्षक एका नियमाच्या चुकीवरही तेवढेच कडाडतात, आणि नवशिक्याला ते उगाच वाटते.

पिस्तूल रिकामे आहे याची खात्री कशी करायची?

हा प्रश्न पुष्कळजण विचारतच नाहीत, कारण उत्तर माहीत आहे असे त्यांना वाटते. मॅगझिन, म्हणजे मुठीतली काडतुसांची पेटी, काढले की पिस्तूल रिकामे झाले, हा समज अनेक अपघातांच्या मुळाशी आहे. मॅगझिन काढले तरी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या कप्प्यात, आधीच चढलेले काडतूस तेथेच राहते, आणि बहुतेक पिस्तुले मॅगझिनशिवायही ते एक काडतूस झाडतात.

क्रम असा: नळी सुरक्षित दिशेला, बोट बाहेर, आधी मॅगझिन काढून बाजूला ठेवणे, मग स्लाइड, म्हणजे नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग, दोन-तीनदा जोराने मागे ओढणे, ती मागे अडकवणे, चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहणे आणि मग करंगळीचे टोक आत घालून चाचपणे. अंधारात किंवा घाईत डोळा फसतो, बोट सहसा फसत नाही.

क्रम उलटला तर काय होते, हे एकदा मी अगदी जवळून पाहिले आहे. एका होतकरू शिकाऊ गृहस्थांनी आधी स्लाइड ओढली, चेंबरमधले काडतूस टपकन टेबलावर पडले, त्यांनी ते समाधानाने उचलले आणि मग मॅगझिन काढले. त्यांच्या लेखी काम झाले होते. प्रत्यक्षात स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधले दुसरे काडतूस चेंबरमध्ये ढकलले गेले होते. हातात मॅगझिन, टेबलावर काडतूस आणि तरीही भरलेले पिस्तूल, असे ते दृश्य होते. त्यांना स्लाइड पुन्हा ओढायला सांगितली, दुसरे काडतूस बाहेर पडले, आणि त्यानंतर बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

पिस्तूल दुसऱ्याच्या हातात देताना हीच तपासणी दोघांनीही करावी. समोरच्याने आत्ताच तपासले आहे म्हणून आपण तपासू नये, हा शिष्टाचार येथे लागू होत नाही.

रिव्हॉल्व्हर घ्यावे की सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल?

रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे फिरत्या सिलिंडरमध्ये, बहुधा पाच किंवा सहा, असतात. सिलिंडर बाजूला उघडला की भरलेले-रिकामे एका नजरेत कळते, आणि एखादे काडतूस उडाले नाही तर पुन्हा ट्रिगर ओढल्यावर पुढचे समोर येते. यंत्रणा समजायला सोपी असल्यामुळे "नवशिक्याने रिव्हॉल्व्हरच घ्यावे" असा सल्ला पूर्वापार दिला जातो. त्यात अर्धेच तथ्य आहे. डबल-अॅक्शन, म्हणजे चाप ओढताच हॅमर (मागची हातोडी) चढवून सोडणाऱ्या, रिव्हॉल्व्हरचा चाप साधारण ५ किलोच्या आसपास जोर मागतो आणि लांबवर ओढावा लागतो. तो ओढताना नेम हलू न देणे हे सोपे काम नाही. हॅमर अंगठ्याने मागे ओढून झाडल्यास चाप खूप हलका होतो, पण मग चढवलेला हॅमर न झाडता पुन्हा उतरवण्याची जोखीम पत्करावी लागते.

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात प्रत्येक गोळीच्या जोरावर स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढचे काडतूस चेंबरमध्ये चढवते. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या लष्कराने स्वीकारलेल्या ग्लॉक १७ पासून पॉलिमरच्या चौकटीची, बाहेरचा हॅमर नसलेली पिस्तुले सर्वत्र रुळली. त्यांचा चाप साधारण अडीच किलोचा आणि प्रत्येक वेळी सारखाच असतो. हे शिकायला सोयीचे आहे, आणि बेफिकीर बोटालाही तितकेच सोयीचे आहे.

माझे मत विचाराल तर, जो माणूस महिन्यातून दोनदा तरी सराव करणार आहे त्याने सेमी-ऑटोमॅटिक घ्यावे. ज्याच्या बोटांत स्लाइड ओढण्याचा जोर नाही, त्याने रिव्हॉल्व्हरचा चाप तरी ओढवतो का हे आधी करून पाहावे, कारण एकातून सुटका म्हणून दुसऱ्याकडे जाणाऱ्यांची तेथेही फसगत होते.

कॅलिबर, म्हणजे काडतुसाचे माप, कोणते असावे?

शिकण्यासाठी .२२ लाँग रायफल या काडतुसाला तोड नाही. १८८७ पासून ते चालत आले आहे, त्याची गोळी साधारण २.६ ग्रॅमची असते, धक्का किरकोळ असतो आणि दारूगोळा इतरांच्या मानाने स्वस्त पडतो. धक्क्याची भीती एकदा मनात बसली की माणूस ट्रिगर ओढण्याच्या क्षणी डोळे मिटतो आणि नळी खाली झुकवतो. ही खोड काढायला लागणारा वेळ मूळ शिकण्यापेक्षा जास्त असतो. ती लागूच नये यासाठी .२२ आहे.

त्याच्या वरच्या पायरीवर ९ मिमी पॅराबेलम हे काडतूस येते. जॉर्ज लुगर यांनी ते विसाव्या शतकाच्या आरंभी तयार केले आणि आज लष्करे, पोलीस व नागरिक यांच्यात तेच सर्वाधिक चालते. त्याची गोळी साधारण साडेसात ते साडेनऊ ग्रॅमची असते. रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल हे त्याच्या जवळपासचे, सौम्य स्वभावाचे काडतूस आहे. काही देशांत लष्कर-पोलिसांकडील कॅलिबर नागरिकांना वर्ज्य असतात, त्यामुळे तेथे ही निवड कायदाच करून देतो. कॅलिबर जितके मोठे तितके चांगले, ही समजूत मात्र बाजूला ठेवावी. चुकलेली मोठी गोळी ही चुकलेलीच असते, आणि ती कुठेतरी जाऊन लागतेच.

लहान, खिशात मावणारे पिस्तूल नवशिक्याला सोपे पडत नाही का?

पडत नाही. दिसायला ते निरुपद्रवी आणि हाताळायला हलके वाटते, म्हणून घरातली मंडळी बहुधा तेच सुचवतात. पण तेच काडतूस ३५० ग्रॅमच्या पिस्तुलातून झाडले तर हाताला बसणारा झटका ९०० ग्रॅमच्या पिस्तुलापेक्षा कितीतरी तीव्र असतो, कारण गोळीचा उलट दिशेचा जोर शोषून घ्यायला वजनच नसते. शिवाय मुठीवर दोनच बोटे मावतात, आणि पुढच्या-मागच्या साइटमधले, म्हणजे नेम धरायच्या खुणांमधले, अंतर कमी असल्यामुळे नेमातली केसाएवढी चूक लक्ष्यावर बोटभर होते. लहान पिस्तुले ही सरावलेल्या हातांसाठी असतात. पहिल्या खरेदीत मध्यम किंवा पूर्ण आकाराचे पिस्तूल घ्यावे.

हाताला बसते की नाही, हे कसे ओळखावे?

रिकामे असल्याची खात्री करून, परवानगी घेऊन, सुरक्षित दिशेला धरून पाहावे. मूठ पंज्यात अशी बसावी की नळी आणि हाताचे हाड एका रेषेत येतील. त्या स्थितीत तर्जनीचे पहिले पेर, म्हणजे नखामागची गादी, ट्रिगरच्या मधोमध सहज टेकली पाहिजे. बोट पोहोचण्यासाठी मूठ वळवावी लागत असेल तर पिस्तूल मोठे आहे; बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत जात असेल तर लहान आहे. मॅगझिनचे बटण, स्लाइड अडकवायचा खटका येथवर अंगठा पोहोचतो का, हेही तेव्हाच पाहावे.

स्लाइड ओढता येत नाही म्हणून निराश होणाऱ्यांना एक युक्ती सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या हाताने स्लाइड ओढण्याऐवजी ती घट्ट धरून ठेवावी आणि मूठ धरलेला हात पुढे ढकलावा, पिस्तूल छातीजवळ आणि नळी समोर ठेवून. ओढण्यापेक्षा ढकलण्यात अंगाचा जोर जास्त लागतो. तेवढ्याने न जमल्यास दुसरे मॉडेल पाहावे.

आपला प्रभावी डोळा कोणता, हे बहुतेकांना ठाऊक नसते. दोन्ही तळहातांनी लहानशी खिडकी करून दूरची वस्तू दोन्ही डोळ्यांनी पाहावी आणि मग एकेक डोळा मिटावा. जो डोळा मिटल्यावर वस्तू नाहीशी होते तो प्रभावी. उजवा हात आणि डावा डोळा अशी जोडी निघाली तरी पिस्तुलात फारसे बिघडत नाही, मान किंचित वळवली की भागते.

शक्य असेल तेथे रेंजवर तीन-चार निरनिराळी पिस्तुले भाड्याने किंवा प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली झाडून पाहिल्याशिवाय खरेदी करू नये. हातात घेऊन पाहणे आणि झाडून पाहणे यांत फार अंतर आहे.

हाताने लावायची सेफ्टी असलेलेच पिस्तूल घ्यावे का?

असावी असे वाटत असेल तर घ्यावे, पण तिच्या भरवशावर राहू नये. सेफ्टी हा बार उडू न देणारा यांत्रिक खटका आहे. तो झिजतो, आणि तो लावला आहे असे समजून माणूस विसरतोही.

वापरलेले पिस्तूल घ्यावे का?

कागदपत्रे स्वच्छ असतील आणि जाणकार शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडून तपासून घेता येत असेल, तर हरकत नाही. नळीत प्रकाश टाकून पाहावे. मध्येच गडद कडे दिसले तर तेथे नळी फुगलेली असू शकते आणि असे शस्त्र फुकट मिळाले तरी घेऊ नये. रिव्हॉल्व्हरमध्ये हॅमर चढवल्यावर सिलिंडर डगमगता कामा नये. फार जुन्या सिंगल-अॅक्शन, म्हणजे हॅमर दर वेळी अंगठ्याने चढवाव्या लागणाऱ्या, रिव्हॉल्व्हरमध्ये हॅमरची पिन थेट काडतुसाच्या दारू पेटवणाऱ्या टोपीवर टेकते, त्यामुळे ते नुसते खाली पडले तरी बार उडू शकतो. म्हणूनच जुनी माणसे हॅमरखालचा एक कप्पा रिकामा ठेवत.

दारूगोळ्याबाबत कोणती काळजी घ्यावी?

नळीवर कोरलेले नाव आणि खोक्यावर छापलेले नाव अक्षरशः तेच असले पाहिजे, "तसेच" असून चालत नाही. ९ मिमी पॅराबेलम, ९ मिमी शॉर्ट आणि ९ मिमी मकारोव्ह ही तीन निराळी काडतुसे आहेत. .३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल झाडता येते, उलट कधीही करू नये.

ट्रिगर ओढूनही बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला ठेवून निदान ३० सेकंद थांबावे, कारण क्वचित दारू उशिरा पेटते. याहून धोक्याची गोष्ट म्हणजे फुसका बार. एरवी हा शब्द आपण थट्टेने वापरतो, पण पिस्तुलात आवाज दबका आला, धक्का जाणवला नाही, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागून दुसरी झाडली तर नळी हातातच फुटू शकते. तेथल्या तेथे थांबावे, पिस्तूल रिकामे करावे आणि नळी आरपार मोकळी असल्याचे पाहिल्याखेरीज पुढे जाऊ नये.

कान आणि डोळ्यांसाठी काय वापरावे?

पिस्तुलाच्या बाराचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो, आणि १४० च्या पुढचा एकच आवाजही कानाला कायमची इजा करू शकतो. बंदिस्त रेंजवर कानात बोळे आणि वरून कानपट्टे असे दोन्ही वापरावे. चष्मा फुटणारा नसावा. गरम पुंगळ्या उडून येतात. काडतुसाच्या टोपीत आणि गोळीत शिसे असते, म्हणून रेंजवर खाऊ-पिऊ नये, निघताना हात-तोंड साबणाने धुवावे आणि ते कपडे लहान मुलाला उचलून घेण्याआधी बदलावेत.

घरी पिस्तूल कसे ठेवावे?

रिकामे, कुलूपबंद, आणि काडतुसे वेगळ्या कुलपात. अन्य कोणतीही व्यवस्था सुचवण्याआधी विचारणाऱ्याला मी हे तीन शब्दसमूह पुन्हा वाचायला सांगतो.

लपवणे म्हणजे ठेवणे नव्हे. कपड्यांच्या घडीखाली, गादीखाली, माळ्यावरच्या डब्यात ठेवलेली वस्तू घरातल्या मुलांना सापडत नाही, असे फक्त मोठ्यांना वाटते. आपण स्वतः लहानपणी काय काय शोधून काढले होते ते आठवून पाहावे. लहान मुलाचे बोट चापाला पुरत नाही म्हणूनही निश्चिंत राहण्याचे कारण नाही. मूल पिस्तूल उलटे धरते, दोन्ही अंगठ्यांनी चाप दाबते, आणि तसे करताना नळी त्याच्याच तोंडाकडे असते. मुलांना समज द्यावीच: दिसले तर हात लावू नका, तेथून निघा, मोठ्यांना सांगा. मात्र ही समज कुलपाच्या जोडीला असते, त्याच्या जागी नाही.

पोलादी तिजोरी भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने पक्की केलेली असावी, नाहीतर चोर ती तशीच उचलून नेतो. किल्लीची तिजोरी असेल तर किल्ली अंगावर असावी. टेबलाच्या खणात असलेली किल्ली म्हणजे उघडी तिजोरी. आकड्यांच्या कुलपाला कुणाचीही जन्मतारीख देऊ नये. बोटाच्या ठशाच्या तिजोऱ्या सोयीच्या असतात, पण बॅटरी संपणे आणि ओले बोट यांचा आधी अनुभव घेऊन ठेवावा. स्लाइडमधून ओवायचे तारेचे कुलूप हा पूरक उपाय आहे. ते मुलाला अडवते, चोराला नाही.

उशाशी भरलेले पिस्तूल ठेवून झोपणाऱ्यांविषयी अनेकजण विचारतात. अर्धवट झोपेत, अंधारात, आवाजाच्या दिशेने वळलेल्या माणसाला चौथा नियम, म्हणजे लक्ष्य निश्चित ओळखण्याचा, पाळता येत नाही. तो आवाज पाणी प्यायला उठलेल्या मुलीचा असू शकतो.

घरात कुणी मानसिक त्रासात असेल तर काय करावे?

अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. याचे कारण शस्त्राच्या स्वभावात आहे: टोकाची ऊर्मी अनेकदा थोड्या काळात ओसरते, आणि तिच्यातून वाचलेली बहुसंख्य माणसे पुढे आत्महत्येने मरत नाहीत, पण बंदुकीने केलेल्या प्रयत्नातून वाचणारे फार थोडे असतात. त्यामुळे त्या काळात माणूस आणि शस्त्र यांच्यात जितके अंतर आणि जितका वेळ घालता येईल तितका घालावा. कायद्याने मुभा असेल तेथे पिस्तूल घराबाहेर, विश्वासू परवानाधारकाकडे किंवा अधिकृत ठिकाणी ठेवावे; ते शक्य नसेल तर कुलपाचा आकडा बदलावा. त्या व्यक्तीशी थेट बोलावे, डॉक्टरांची मदत घ्यावी. आणि ती व्यक्ती मालक स्वतः असेल, तर किल्ली दुसऱ्याच्या हातात देण्यात कमीपणा नाही.

सराव किती आणि कसा करावा?

महिन्यातून दोनदा ५० गोळ्या मन लावून झाडणे हे वर्षातून एकदा ५०० उधळण्यापेक्षा बरे. घरी कोरडा सराव, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाने नेम धरून चाप ओढणे, फार उपयोगी आहे. त्यासाठी काडतुसे दुसऱ्या खोलीत असावीत आणि समोर गोळी अडवणारी भिंत असावी. .२२ च्या पिस्तुलात खोटे काडतूस घातल्याशिवाय हा सराव करू नये, कारण पिन चेंबरच्या कडेवर आपटून ती खराब करू शकते. अपघात बहुधा सराव संपल्यावर होतो: पिस्तूल भरून ठेवले जाते आणि मग "एकदाच अजून" वाटते. सराव संपला की तसे मोठ्याने म्हणावे आणि पिस्तूल तिजोरीत ठेवावे.

साफसफाई केव्हा करावी?

रेंजवरून आल्यावर, चहा-पाण्याआधी. चेंबर पुन्हा तपासावे, कारण ग्लॉकसारखी काही पिस्तुले उघडण्यासाठी आधी चाप ओढावा लागतो आणि "साफ करताना गोळी सुटली" या प्रकारच्या बातम्या तेथूनच येतात. नळी चेंबरकडून पुसावी, तेल थेंबाने मोजून घालावे.

चोरीला गेले तर, आणि माझ्या पश्चात?

अनुक्रमांक, खरेदीची पावती आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे तिजोरीच्या बाहेर, वेगळ्या जागी ठेवावीत. चोरी लक्षात येताच त्याच दिवशी पोलिसांना कळवावे. मागे राहणाऱ्यांपैकी निदान एकाला तिजोरी कोठे आहे, आकडा कोणाकडे आहे आणि शस्त्र कोठे जमा करायचे, हे लेखी सांगून ठेवावे. त्या कागदावर "चेंबर तपासावे, स्वतः हाताळू नये, जाणकाराला बोलवावे" एवढे ठळक अक्षरांत लिहावे, कारण तो कागद वाचणाऱ्याने बहुधा पिस्तूल कधी हातात धरलेले नसते.